बॉनेटची धार

निवृत्तीमामांनी काळी गाडी माझ्या दुकानात आणून लावली, उतरले, आणि दाराच्या मुठीवर उमटलेले आपल्याच बोटांचे ठसे सदऱ्याच्या बाहीनं पुसून काढले.

"राहू द्या मामा," मी म्हणालो. "आता दोन दिवस हिला मीच पुसणार आहे."

"सवय आहे रे सदा. एकोणीस वर्षं झाली. साहेबांनी गाड्या बदलल्या, बाही तीच."

मिरज रस्त्याला माझं गाड्या पॉलिश करायचं दुकान नुकतंच कुठं नावारूपाला येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. मामा मगदूमसाहेबांचे ड्रायव्हर. साहेबांची कुपवाडला फाउंड्री होती, बंगल्यामागं एक खोली होती, आणि त्या खोलीत मामा एकटे राहायचे. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं नि त्यांचं नातं रक्ताचं नव्हे. आमच्या गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात माझे वडील, आमचे दादा, आणि ते चाळीस वर्षं एका खांबापाशी उभे राहून टाळ वाजवत आले. दादांच्या मागं तो टाळ माझ्याकडं आला आणि खांबापाशी दादांच्या जागी मी उभा राहायला लागलो. कीर्तन म्हटलं की मला दुसरं काही सुचत नाही.

मी हातदिवा पेटवून बॉनेटवर तिरपा धरला. उन्हात आरशासारखी दिसणारी ती काळी गाडी दिव्याखाली अगदी वेगळी दिसायला लागली. कोळ्यानं जाळं विणावं तसे बारीक गोल गोल ओरखडे सगळीकडं. मामा वाकून बघायला लागले आणि त्यांचा चेहराच उतरला. हे कशानं झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, रोज सकाळी तुम्ही कोरड्या फडक्यानं धूळ पुसता ना, ती धूळच घासत जाते. तुमच्या मायेचे ओरखडे आहेत हे.

मी थट्टेनं बोललो होतो. ते हसलेही. पण जाता जाता दारात थांबून म्हणाले, "म्हणजे माझ्याच हातनं झालंय म्हण की."

शनिवारी दुपारी साहेबांच्या मुलीचा साखरपुडा होता. नवरदेवाकडची मंडळी आणायला ही गाडी जायची होती. आणि त्याच शनिवारी सकाळी दहाला मंदिरात सप्ताहाचं शेवटचं, काल्याचं कीर्तन. मामांनी साहेबांकडून सकाळपुरती सुट्टी मागून घेतली होती, कारण दहीहंडीची दोरी दर वर्षी तेच बांधायचे. साहेब म्हणाले होते, मग गाडी मीच जाऊन घेऊन येतो.

मला त्या कीर्तनाला दहाच्या आत पोचायचंच होतं. त्या वर्षी कीर्तनकार साळशिंगेबुवांच्या गळ्यात काल्याच्या दिवशीचा हार घालायचा मान माझा होता. खरं तर पाळीनं तो मामांचा होता. बारा-पंधरा वर्षांत एकदा येणारी पाळी. पण दादा आषाढात गेले, आणि मामांनी मंदिरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यंदाचा हार दादाच्या पोराच्या हातनं जाऊ दे, माझं काय, मी पुढच्या पाळीपर्यंत मरत नाही. सगळे हसले. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा मला रडू आलं.

आता त्या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. गाडीच्या रंगावर सगळ्यांत वर एक पारदर्शक थर असतो. आम्ही त्याला क्लिअर म्हणतो. ओरखडे असतात ते त्या थरात. मशीनला पॅड लावायचं, त्यावर घासायची पेस्ट घ्यायची आणि तो थर अगदी केसाएवढा उतरवायचा, म्हणजे ओरखड्याचा तळ वर येतो आणि ओरखडा दिसेनासा होतो. साध्या गाडीवर दोन हात फिरवले की काम होतं. ही गाडी परदेशी बनावटीची, तिचा क्लिअर भलता कडक. स्पंजाच्या पॅडला दाद देईना. शेवटी मी पांढरं लोकरी पॅड काढलं, जाड पेस्ट घेतली, तरी एका जागेवर सहा सहा, आठ आठ हात फिरवावे लागत होते. गुरुवार त्यात गेला, शुक्रवार त्यात गेला. खांदे भरून आले.

कडक क्लिअरचा एक धोका असतो. तो इतका हटवादी असतो की हा काही जायचा नाही, असंच आपल्याला वाटायला लागतं आणि हात जड होत जातो. पण हट्ट चालतो तो सपाट जागेवर. बॉनेटला दोन्ही बाजूंनी उंचवट्याची जी धार असते, तिच्यावर तो मुळातच पातळ बसलेला असतो, आणि मशीनचा सगळा भार नेमका तिथंच येतो. म्हणून मशीन लावण्याआधी धारांवर कागदी टेप लावायची. ज्यांच्याकडं मी हे काम शिकलो ते उस्ताद म्हणायचे, टेप लावायचा कंटाळा आला की मशीन बंद करून घरी जावं.

दोन दिवस मी प्रत्येक धारेला टेप लावली होती. जाडी मोजायचं छोटं मीटर माझ्याकडं होतं. ते रंगावर टेकवलं की आकडा येतो. सुरुवातीला बॉनेटवर एकशे बारा, एकशे पंधरा, एकशे दहा असे आकडे आले होते. सगळीकडं सारखे, म्हणजे कंपनीचा रंग, कुणी हात न लावलेला. मी ते मनात नोंदवूनही ठेवले होते.

शनिवारी सकाळी सहालाच मी दुकान उघडलं. नऊपर्यंत काम संपलं. सगळ्या टेपा काढल्या, गाडी पुसली, बाहेर उन्हात ढकलली. काय दिसत होती म्हणून सांगू. समोरच्या लिंबाची पानं बॉनेटमध्ये मोजता आली असती. मी हातपाय धुतले, धोतर नेसलो. पंधरा वर्षांत दोनदाच नेसलेलं दादांचं धोतर होतं ते. हाराची पुडी खुंटीला होती. आणि निघता निघता दिसलं की बॉनेटच्या डाव्या धारेला लागूनच एक ओरखडा राहिलाय. बोटभर.

सोडून द्यायला हवा होता. कुणाला दिसला नसता. पण मला दिसला होता ना. धोतर वर खोचलं, मशीन घेतलं. टेपची गुंडाळी पायाशी पडली होती. वाकून उचलायची, चार बोटं टेप फाडायची आणि लावायची, अर्ध्या मिनिटाचं काम. ती संपलेली नव्हती की हरवलेली नव्हती. मंदिराकडून टाळांचा आवाज यायला लागला होता. मी मनात म्हणालो, एकच हात फिरवायचाय.

एक फिरवला, ओरखडा हलला नाही. दुसरा फिरवला. तिसऱ्याला जरा कोपर टेकवून दाबला. मशीन उचललं आणि पॅडकडं बघितलं. पांढऱ्या लोकरीवर काळा रंग होता.

पेस्टचा मळ पांढुरका असतो. काळं आलं म्हणजे क्लिअर गेला आणि खालच्या रंगाला हात लागला. बॉनेटच्या धारेवर नखाएवढी राखाडी जागा उघडी पडली होती. कडेला काळ्याची झालर, मध्ये रंगाखालच्या अस्तराची राख. मग पॅड ओढून काढलं आणि मागच्या बादलीत टाकलं. हे मी का केलं तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. लपवायची सुरुवात हातांनी माझ्याआधीच केली होती.

रिक्षा थांबली आणि मगदूमसाहेब उतरले.

साहेब मोजकं बोलणारे, मला आडनावानं हाक मारणारे. गाडीभोवती सावकाश फिरले, आज मात्र तोंडभर कौतुक केलं, कोळेकर, गाडी नवी घेतली तेव्हासुद्धा अशी नव्हती म्हणाले. मग पुढं आले आणि बोट त्या जागेपाशी थांबलं.

"हे काय?"

खरं उत्तर अगदी लहान होतं. चुकलं साहेब, टेप लावली नाही, रंगवून देतो. त्या माणसानं फार तर कपाळाला आठी घातली असती. पण दोन दिवसांचे भरून आलेले खांदे, आत्ताच ऐकलेलं कौतुक, खुंटीवरचा हार, अंगावरचं दादांचं धोतर, हे सगळं मिळून माझ्या तोंडून दुसरंच बोललं.

"साहेब, ही जागा आधी कुणीतरी रंगवलेली दिसतीय. कंपनीचा रंग असा सुटत नाही."

ते म्हणाले, गाडी मी नवी घेतलीय, रंगवायचा प्रश्नच नाही. तेव्हा मी खिशातून मीटर काढलं. बॉनेटच्या मधोमध टेकवलं, एकशे दहा. इकडं टेकवलं, एकशे आठ. मग त्या राखाडी जागेवर टेकवलं. एकावन्न.

"बघा," मी म्हणालो. "सगळीकडं सारखं, आणि इथंच निम्मं. घासून, वरवर रंग मारून दिलंय कुणीतरी."

दहा मिनिटांपूर्वी मीच घासून खाली आणलेला आकडा मी त्यांना पुरावा म्हणून दाखवत होतो.

साहेबांनी वाकून तो आकडा वाचला. मग हळूच म्हणाले, श्रावणात आमच्या आईला, आक्कांना, घेऊन नरसोबाच्या वाडीला गेला होता निवृत्ती. नदीला पाणी आलं म्हणून एक दिवस जास्त राहिला. तिथंच कुठंतरी ठोकली असणार. तरीच.

मी मामांचं नाव घेतलं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिलो, की नाव तर साहेबांनी घेतलं. पण त्यांनी घेतलं तेव्हा मी तिथंच होतो, आणि मला बोलता येत होतं. साहेब गाडीत बसले, काच खाली करून म्हणाले, "बरं झालं तू सांगितलंस. एकोणीस वर्षं मी डोळे मिटून विश्वास ठेवला." आणि गेले.

मी हार घेतला आणि मंदिराकडं जवळजवळ पळतच गेलो.

मंदिर भरलं होतं. खांबापाशी मामांनी माझ्यासाठी जागा धरली होती, सतरंजीवर आपला पंचा अंथरून. मला बघताच त्यांनी पंचा उचलून खांद्यावर टाकला आणि डोळ्यांनीच विचारलं, गाडी झाली का. मी मान हलवली. त्यांनी टाळ माझ्या हातात दिला.

मी बुवांच्या गळ्यात हार घातला. बुवांनी मला पोटाशी धरलं, दादांची आठवण काढली. मामा पंच्यानं डोळे पुसत होते.

साळशिंगेबुवांचं कीर्तन मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकलंय. त्यांच्या तोंडून एखादं वाक्य असं यायचं की वाटावं, हे मलाच उद्देशून आहे. त्या दिवशी मी तशा वाक्याची वाट बघत होतो. आता बुवा काहीतरी बोलतील, खोट्याबद्दल, निरपराध माणसाबद्दल, आणि माझे पाय आपोआप उठतील. बुवा काहीच बोलले नाहीत. ते यमुनेकाठच्या पोरांच्या शिदोऱ्यांबद्दल बोलले. कुणाची शिळी भाकरी, कुणाचं लोणचं, कुणाच्या आईनं रागानं काहीच बांधून दिलं नव्हतं, आणि देवानं सगळ्यांचं एकत्र कालवलं, त्याबद्दल. नक्कल करून दाखवली, लोक हसून हसून वाकले. मीही टाळ वाजवला. एकदाही ताल चुकला नाही. याचीच मला आज सगळ्यांत जास्त लाज वाटते.

हंडी फुटली. मग आमच्याकडं रीत आहे, काला घ्यायच्या आधी सगळे एकमेकांच्या पाया पडतात. लहान-मोठा बघायचा नाही. बाप मुलाच्या पडतो, मालक गड्याच्या पडतो. मामा माझ्यासमोर आले आणि साठीला आलेला तो माणूस वाकून माझ्या पायाला हात लावून डोईला लावून घेऊन उभा राहिला. मी त्यांच्या पाया पडलो. खाली वाकल्यावर पुन्हा वर यावंसं वाटेना. त्यांनीच दंडाला धरून उठवलं, आणि दही-लाह्यांचा मोठा घास करून माझ्या तोंडात घातला. दर वर्षी तेच घालायचे, लहानपणापासून. घास मोठा असायचा, ओठांतून दही ओघळायचं, आणि ते आपल्या अंगठ्यानं पुसायचे.

त्यांनी अंगठ्यानं पुसलं. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. साहेबांनी बोलावलं होतं. आक्कांसाठी म्हणून लाह्यांचा प्रसाद रुमालात बांधून घेतला आणि चपला पायात सरकवत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानात आले. हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर पंचा. मी समजलो. हात जोडून उभा राहणार होतो, की मामा, काय म्हणायचं ते म्हणा. पण ते शिव्या द्यायला आले नव्हते. स्टुलावर बसले, पाणी मागितलं, आणि मग कामाचं बोलावं तसं बोलायला लागले. साहेबांनी रागावून काही म्हटलं नाही. ठोकलीस तर सांगायचं होतंस, लपवलंस का, एवढंच विचारलं. आणि खोली रिकामी करायला सांगितली. मामा म्हणाले, मी शपथ घेतली नाही. कारण साहेबांनी सांगितलं, कोळेकरनं मीटरनं दाखवलंय.

"सदा, तुला यातलं कळतं म्हणून विचारतो," ते म्हणाले. "मीटर चुकतं का कधी?"

मी म्हणालो, सहसा नाही.

"आणि तू तर खोटं बोलणार नाहीस. दादाचा पोरगा तू. म्हणजे माझ्याच हातनं कुठंतरी लागलीय. मीच कुणाकडनं तरी रंगवून घेतलीय, आणि मला आठवत नाही." त्यांनी आपले दोन्ही हात उलटे करून बघितले. "दोन रात्री झाल्या, वाडीचे ते तीन दिवस आठवून बघतोय. सगळं आठवतं. पाणी कुठवर आलं ते आठवतं. आक्कांनी काय खाल्लं ते आठवतं. फक्त हेच नाही. माझ्या बापालाही शेवटी असंच झालं होतं. आम्हाला ओळखायचा नाही."

मला बोलायला पाहिजे होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती, असं लोक म्हणतात. माझी चिकटली नव्हती. मी म्हणालो, "होतं मामा कधी कधी. वय झालं की."

ते उठले. डोक्यावरून हात फिरवला माझ्या. म्हणाले, आता चाक हातात घेत नाही. आज गाडीला लागलंय, उद्या माणसाला लागेल. आणि कवठ्याजवळ बहिणीच्या गावी जायची एसटी पकडायला निघाले.

ती बादली मी आठवड्यानं रिकामी केली. पॅड धुतलं, पण लोकरीतला काळा रंग गेला नाही. टाकून देणं जमेना. एका डब्यात घालून फळीवर ठेवलं. पुढं आठ महिने मी रोज तो डबा बघत काम केलं. साहेबांनी बॉनेट दुसरीकडं रंगवून घेतलं आणि माझ्याकडं चार नवीन गिऱ्हाईकं पाठवली, की हा माणूस खरं ते तोंडावर सांगतो. एकादशीला मंदिरात गेलो की खांबापाशी माझ्या शेजारची जागा मोकळी असायची. तिथं कुणी उभं राहात नव्हतं. मी टाळ हळू वाजवायला लागलो होतो.

चैत्रात मंदिराचे पुजारी नाना त्या बाजूला कुणाच्या तरी बारशाला जाऊन आले. प्रदक्षिणेच्या वाटेवर मला थांबवून सांगितलं, निवृत्ती भेटला होता. बरा आहे, पण जरा विचित्र वागतोय. कमरेला एक वही बांधून हिंडतो. कडी लावली, लिहितो. शेरडाला पाणी पाजलं, लिहितो. गोळी घेतली, लिहितो. मी विचारलं तर म्हणाला, नाना, आता माझ्या डोक्याचा भरवसा राहिला नाही.

नाना पुढं गेले. मी प्रदक्षिणा पुरी केली नाही. घरून माझी जुनी व्हॅन काढली, दुकानातून तो डबा घेतला, आणि निघालो.

मामा बहिणीच्या घरापुढं चिंचेखाली बसले होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला परत फिरावंसं वाटलं. बहिणीला हाक मारून चहा टाकायला सांगितला. कमरेची वही खरीच होती. शाळेतल्या पोराची, दोरीनं ओवलेली. मी चहा यायच्या आत डबा उघडून पॅड त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. टेप, तिसरा हात, मीटर, एकावन्न. मध्ये कुठंही थांबलो नाही. थांबलो असतो तर उरलेलं राहिलंच असतं.

मामांनी पॅड हातात घेतलं, लोकर उलगडून काळा डाग बघितला. बोटानं घासून बघितला, जातो का. मग म्हणाले,

"म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नव्हता मामा."

"वाडीला गाडी कुठंच लागली नव्हती."

"नव्हती."

चहा आला आणि निवला. बहीण आतून दोनदा डोकावून गेली. मामांनी कमरेची वही सोडली, पहिल्या पानापासून चाळली, सावकाश, एकेक पान. भरली होती ती. मग मिटून बाजूला ठेवली आणि माझ्याकडं न बघता हात पुढं केला. मला आधी कळलं नाही. मग मी व्हॅनची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

ते गाडीत बसले. बसायच्या आधी मुठीवरचा माझा ठसा बाहीनं पुसला. गावातल्या अरुंद बोळातून व्हॅन तळ्याकडं गेली, मला नुसता आवाज ऐकू येत होता, कुठं गिअर पडला, कुठं उतार लागला. पंधरा मिनिटांनी परत आले, आणि चिंचेचं खोड नि दगडी कुंपण यांच्यामधल्या फटीत, जिथं मी सायकलसुद्धा घातली नसती, तिथं उलट घेऊन लावली. उतरून किल्ली मला दिली.

"बघून घे," ते म्हणाले. "कुठं लागली का."

मी म्हणालो, मामा, असं नका बोलू. ते म्हणाले, नाही, बघून घे. मीटर आणलं असशील तर लावून बघ. मी त्यांच्यासमोर गाडीभोवती एक फेरी मारली. ते चिंचेखाली उभे राहून माझी फेरी पुरी व्हायची वाट बघत होते.

मग त्यांनी एवढंच विचारलं, साहेबांना सांगितलंस का. मी नाही म्हटल्यावर म्हणाले, मग आधी तिकडं जायचं होतंस. मला काय, मी ऐकून घेणारच.

त्याच संध्याकाळी मी फाउंड्रीत गेलो. साहेबांनी उभ्यानंच ऐकलं. मला बस म्हणाले नाहीत. मी संपवल्यावर म्हणाले, "तुला मी समोर उभा राहून विचारलं होतं, कोळेकर." त्यांनी माझ्यादेखत मामांना फोन लावला, माफी मागितली, परत या म्हणाले. तो आवाज मी त्या माणसाचा पहिल्यांदाच ऐकत होतो. मामा गेले नाहीत. तिथं आता दुसरा माणूस लागलाय, त्याला मी कुठं पाठवू, म्हणाले. पुढं गावातल्या दवाखान्याची गाडी चालवायला लागले. बाळंतिणी, सर्पदंश, रात्री-अपरात्री. एकदाही गाडी कुठं लागली नाही. हे मला नाना सांगत आले, मामांनी सांगितलं नाही.

मी त्या वर्षी दुकानात कबुलीची पाटी लावली नाही की मंदिरात उभा राहून काही बोललो नाही. पण बुवांना सांगितलं. बुवा ऐकत राहिले आणि म्हणाले, मला वाटलंच होतं त्या दिवशी, तू फार बिनचूक वाजवलंस.

सप्ताह आला. काल्याच्या दिवशी सकाळीच मामा एसटीनं आले, दोरी बांधली, आणि खांबापाशी पंचा अंथरून बसले. पंचा एका माणसापुरता घडी घातलेला होता. मी मागं, भिंतीपाशी बसलो. कीर्तन झालं, हंडी फुटली, सगळे एकमेकांच्या पाया पडायला लागले. मामा माझ्याकडं आले आणि वाकले. रीत ती रीत. मी वाकलो. या वेळी मला कुणी दंडाला धरून उठवलं नाही, माझा मीच उठलो.

मग ते काला घेऊन फिरायला लागले. बुवांच्या तोंडात घास घातला. नानांच्या घातला, नाना म्हणाले, अरे दात नाहीत, थोडा दे. लोक हसले. पोरांच्या तोंडांत घातला आणि ओघळलेलं दही अंगठ्यानं पुसलं. माझ्यासमोर आले. सवयीनं माझं तोंड उघडलं.

त्यांनी माझा उजवा हात धरला, तळवा वर केला, काला त्यावर ठेवला, आणि पुढच्या माणसाकडं वळले.

याला बारा वर्षं झाली. बुवा आता थकले, बसून कीर्तन करतात. मामा दर वर्षी येतात, माझी विचारपूस करतात, आईला पपई आणतात. काला तळव्यावरच ठेवतात. मी आता तोंड उघडत नाही. ते समोर आले की हात पुढं करतो.